वरवंटा मी आणून दिला

ताई,

सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. वय ३३, लग्न झालंय. शेती आहे, जोडीला दुधाचा धंदा. आठ महिन्यांपूर्वी थोरला भाऊ मोटारसायकलच्या अपघातात गेला. वहिनी ३५ वर्षांची, मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सात. मयतीच्या दिवशी भावकीतल्या बायकांनी वहिनीला अंगणात बसवलं. आधी कपाळभर कुंकू लावलं, हातभर बांगड्या भरल्या. मग कुंकू पुसलं, मंगळसूत्र तोडलं, जोडवी ओढून काढली. बांगड्या फुटेनात तेव्हा चुलतकाकू म्हणाली, वरवंटा आण रे. मी आत जाऊन आणून दिला. वहिनीच्या मनगटातून रक्त आलं. पोरगी दारात उभी राहून बघत होती.

आता धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय. वर्षाच्या आत केलं नाही तर तीन वर्षं थांबावं लागेल, म्हणून घाई आहे. बहीण म्हणते, मला पहिली हळद वहिनीच लावणार. आई म्हणते, असला अपशकुन या घरात होऊ देणार नाही. वडील जाऊन वीस वर्षं झाली, आईने एकटीने आम्हाला वाढवलं, तिचं मन मोडवत नाही. भावकी म्हणते, तसं काही केलंत तर मांडवात पाय ठेवणार नाही. वहिनी काहीच बोलत नाही. बस्त्याची यादी, दागिन्यांचा हिशोब, सगळं तीच बघते. दादाच्या जमिनीची वारस नोंद अजून केलेली नाही. घरातल्या घरातच आहे, लग्न उरकल्यावर बघू.

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं मी एकटा कसं मोडू? आणि एक मोडलं तर उद्या सगळंच सोडायचं का? रात्री झोप लागत नाही. वरवंटा अजून पाट्याशेजारीच आहे.

— एक दीर

*

प्रिय भाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्याशी थांबले. ‘मी आत जाऊन आणून दिला.’ तुम्हाला वेगळं लिहिता आलं असतं. बांगड्या फोडण्यात आल्या, असं लिहिता आलं असतं. या विषयावर येणारी बहुतेक पत्रं तशीच असतात. कुंकू पुसलं जातं, विधी केला जातो, तसं करावं लागतं, आमच्यात पाळतात. व्याकरणात ज्याला कर्ता म्हणतात तो या वाक्यांत कुठेच नसतो. रूढी वर्षानुवर्षं टिकते ती अशाच वाक्यांत राहून. कोणी केलं म्हणून विचारायला जावं, तर केलेलं कोणीच नसतं, आणि मनगट मात्र एका ठरावीक बाईचंच रक्ताळलेलं असतं. तुम्ही ‘मी’ लिहिलंत. तुम्हाला काही सांगण्यात अर्थ आहे असं मला वाटतं, ते त्या ‘मी’मुळे.

म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते. त्या दिवशी चूक झाली, आणि त्यात तुमचा वाटा आहे. समोर सख्खा भाऊ तिरडीवर होता, डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि वडीलधाऱ्या बाईने सांगितलं की हात आपोआप हलतो, हे सगळं मला समजतं. काकूचा वाटा तुमच्याहून मोठा आहे. पण तुमचाही आहे. झोप लागत नाही म्हणजे तुम्हाला ते ठाऊक आहे. ‘तुमचा काही दोष नाही, परंपराच तशी’ असं मी लिहिलं, तर तुम्हाला आज बरं वाटेल आणि हळदीच्या दिवशी काकूंनी हाक मारली की तुमचा हात पुन्हा हलेल.

जे घडलं ते एकदा नीट बघा. वहिनीला आधी नटवलं. कुंकू कपाळभर, बांगड्या हातभर. पुसायचंच होतं तर लावलं कशाला? फोडायच्याच होत्या तर भरल्या कशाला? आधी काठोकाठ भरायचं आणि मग चारचौघांत हिसकावून घ्यायचं, म्हणजे काय गेलं ते तिला विसरता येऊ नये आणि बघणाऱ्यांनाही. दुःख हलकं करण्यासाठी केलेलं यात काहीच नाही. नवरा तर गेलाच होता. त्याच तासाला तिला सांगितलं गेलं की आता या घरात आणि गावात तुझी जागा बदलली. दारात उभ्या असलेल्या सात वर्षांच्या मुलीलाही तेच सांगितलं गेलं. तिचं वय कळत्या-नकळत्याच्या सीमेवरचं आहे. बाप गेल्याचं तिला हळूहळू समजेल. आईला सगळ्यांनी मिळून धरलं होतं, हे मात्र तिने डोळ्यांनी पाहिलंय.

आता हेच दुसऱ्या बाजूने धरून बघा. तुमच्या भावकीत कुणाची बायको गेली असेलच. त्या माणसाच्या अंगावरचं काय काढलं? अंगठी? करदोडा? त्याला लग्नाच्या मांडवातून मागे सारलं का? आपल्याकडे त्याला बिजवर म्हणतात आणि वर्षश्राद्ध व्हायच्या आत त्याच्यासाठी स्थळं सांगून येतात. मेलेल्या माणसाबद्दलचा आदर म्हणून हे सगळं असतं, तर बाई मेल्यावरही तो दिसला असता. दिसत नाही, कारण या रीतीचा गेलेल्या माणसाशी संबंधच नाही. मागे राहिलेल्या बाईने कसं राहावं, किती बोलावं, कुठे उभं राहावं आणि काय मागू नये, हे ठरवण्यासाठी ती आहे. ‘काय मागू नये’ हे लक्षात ठेवा, जमिनीपाशी मी परत येणार आहे.

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं, असं तुम्ही लिहिलंय. किती पिढ्या? आपल्याकडच्या अनेक शेतकरी आणि कारागीर जातींत नवरा गेलेल्या बाईचा पाट लागायचा, काही भागांत त्याला म्होतूर म्हणत. रीतसर, चारचौघांना सांगून. पुढे वरच्या म्हणवणाऱ्या घरांचं बघून ‘आमच्यात पाट लागत नाही’ हे सांगणं प्रतिष्ठेचं झालं, आणि पुष्कळ घरांतून ती मोकळीक गेली. म्हणजे जिला आपण आजोबा-पणजोबांची रीत म्हणतो, ती काही घरांत त्यांच्या आजीच्या वेळी नव्हती. आणि समजा असली हजार वर्षांची, तरी वय हा चांगुलपणाचा पुरावा होत नाही. हुंडासुद्धा जुनाच आहे.

वरच्या जातींतल्या विधवांचं केशवपन व्हायचं. नवरा गेला की मुलीचं डोकं भादरायचं, मग ती पन्नास वर्षांची असो की बारा. त्या काळी तेही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलंच होतं, तेही मोडलं तर घराला कीड लागेल असंच वाटायचं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते याच बायकांसाठी. पण मला तुम्हाला सांगायचंय ते १८९० सालचं. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि त्यांनी ठरवलं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. विचार करा भाऊ, ती रीत त्यांची नव्हती. त्यांच्यापेक्षा वरच्या समजल्या जाणाऱ्या घरांची होती, आणि त्या घरांवर यांचं पोट होतं. शास्त्र काय सांगतं हा वाद घालत ते बसले नाहीत. तो वाद पंडितांचा, तो तसाही चालूच होता. पण पंडित वस्तरा चालवत नव्हते, हे लोक चालवत होते. त्यांनी हात काढून घेतले. केशवपन काही त्या दिवसापासून थांबलं नाही, अजून कैक वर्षं चाललं. पण ज्याच्या हातात वस्तरा आहे त्याला ‘नाही’ म्हणता येतं, हे त्या सभेने दाखवून दिलं.

तुम्ही विचारता, मी एकटा परंपरा कशी मोडू. परंपरा मोडायला तुम्हाला कोणी सांगितलेलंच नाही. वरवंटा आणून द्यायचा नाही, एवढंच तुमच्या हातात होतं आणि आजही तेवढंच आहे.

एक मोडलं तर सगळंच सोडायचं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. तो वाटतो तितका अवघड नाही. त्याच मयतीचा दिवस घ्या. संध्याकाळी तुमच्या घरी चूल पेटली नसेल. भावकीतल्या कुणीतरी पिठलं-भाकरी करून आणली असेल, पोरांना जवळ घेऊन चार घास भरवले असतील. कडू घास म्हणतो आपण त्याला. कदाचित त्याच चुलतकाकूने आणला असेल. ही पण परंपराच, तितकीच जुनी, त्याच भावकीची, त्याच दिवसाची. ज्या घरावर आभाळ कोसळलंय त्या घरातल्या बाईला स्वयंपाकाला लावायचं नाही, हे कुणीतरी कधीतरी फार मायेने ठरवलेलं आहे. ती जपा. मुलांना शिकवा. सकाळी आणि संध्याकाळी तीच माणसं, तेच हात, आणि दोन रीतींत केवढं अंतर. सकाळच्या रीतीत, ज्याच्यावर दुःख आहे त्याच्याकडूनच वसुली होती. देवक बसवा, घाणा भरा, मुहूर्तमेढ रोवा, हळदीची गाणी म्हणा. त्यात कुणाचं मनगट फुटत नाही. फुटत असेल तिथे तेवढं थांबवा. मांडव त्यामुळे पडत नाही.

आता आईंबद्दल. इथे मला सावकाश लिहायचंय, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे असं मला वाटतं.

तुमच्या आई वीस वर्षं विधवा आहेत. म्हणजे वहिनी हळद लावू शकत नाही, या नियमाने आईसुद्धा लावू शकत नाहीत. स्वतःच्या लेकीला. वीस वर्षं एकटीने राबून जिला वाढवलं, तिच्या अंगाला हळद लागताना त्या कुठे असणार आहेत? तुमच्या लग्नात कुठे होत्या? दादाच्या लग्नात? आठवून बघा. बहुतेक आतल्या खोलीत किंवा चुलीपाशी, ‘तुम्ही व्हा पुढं, मला इथं काम आहे’ म्हणत. तुम्ही आई आणि वहिनी यांना दोन बाजूंना उभं केलंय, की आईचं ऐकू का वहिनीची बाजू घेऊ. त्या दोघी एकाच बाजूला आहेत, भाऊ. फरक इतकाच की आईंना त्या बाजूला उभं करून वीस वर्षं झालीत आणि आता त्यांना ती जागा नैसर्गिक वाटते.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. माझी मावशी लग्नानंतर तिसऱ्या वर्षी विधवा झाली आणि आमच्याकडेच राहिली. माझं दुखलंखुपलं तिने काढलं, माझ्या वेण्या तिने घातल्या. माझ्या हळदीच्या दिवशी ती स्वयंपाकघरात पुरणाच्या पातेल्यापाशी होती. मी पाटावर बसले होते, तिथून ती दिसत होती. मी शिकलेली होते, सभांना जात होते, वादविवाद करत होते. मी तिला हाक मारली नाही. मांडवात तमाशा नको म्हणून. पुढे तिच्या म्हातारपणी मी एकदा विचारलं, तुला काय वाटलं होतं गं तेव्हा? म्हणाली, ‘मला वाटलं, तू बोलावशील. पण बोलावलं असतंस तरी मी आले नसते.’ दोन्ही खरं होतं. तेव्हापासून ‘बायकाच बायकांच्या शत्रू’ हे वाक्य मला ऐकवत नाही.

तुमच्या आई ‘अपशकुन’ म्हणतात तेव्हा त्यात वहिनीचा राग असेलच असं नाही. आपलं नशीब लेकीला लागू नये, ही भीती असेल. ती भीती प्रेमातूनच आलेली आहे. शिवाय आज त्यांनी मान्य केलं की विधवेच्या हाताने काही बिघडत नाही, तर गेल्या वीस वर्षांचं काय? जे जे सण त्यांनी बाजूला उभं राहून काढले, ते सगळे उगीच होते असं मानावं लागेल. ते कबूल करणं फार जड असतं. म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना पटवायला जाऊ नका. शेजारी बसा आणि विचारा, आई, बाबा गेले त्या दिवशी तुझ्याबरोबर काय काय केलं होतं? हे त्यांना वीस वर्षांत कुणी विचारलं नसेल. त्या बोलतील, किंवा उठून जातील. उठून गेल्या तर दोन दिवसांनी परत विचारा.

आणि मग त्यांना म्हणा की धाकटीला पहिली हळद तू लाव. हा डाव म्हणून करू नका, म्हणजे आईला अडकवून वहिनीसाठी वाट काढायची असं नको. ती हळद त्यांची आहेच. ती त्यांना देणं राहिलेलं आहे तुमच्याकडून.

त्या नाहीच म्हणाल्या तर? तर स्वतःच्या हातांनी हळद न लावण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. कुणालाही ओढून पाटापाशी आणायचं नाही. पण त्यांना दुसऱ्या बाईचा हात धरता येणार नाही. आईचं मन राखणं आणि आईच्या सांगण्यावरून दुसऱ्याला खाली बघायला लावणं, या दोन गोष्टी तुम्ही एक करून टाकल्यात. अहिल्यादेवींची जयंती तुमच्या गावातही होत असेल, ३१ मे रोजी, मिरवणूक काढून. कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ साली खंडेराव पडले तेव्हा त्या सती जायला निघाल्या होत्या. मल्हाररावांनी अडवलं, सुनेला दौलतीच्या कारभारात घातलं, आणि पुढे १७६७ ते १७९५ त्यांनी राज्य चालवलं. त्या वेळीही सभोवतालच्या माणसांचं मन मोडलंच असेल की. ज्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो त्या विधवा होत्या, हे आईंना ठाऊक आहे. फक्त स्वतःशी त्यांनी कधी ते जोडून बघितलं नसेल.

वहिनी काहीच बोलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तिला विचारलंय का? ‘वहिनी, हळद लावणार ना?’ असं चौघांत विचारणं म्हणजे विचारणं नव्हे. तिथे ती मान हलवेल, होकाराची किंवा नकाराची, जी समोरच्याला बरी वाटेल ती. ती दीर-सासूच्या घरात राहते, दोन मुलं पदरात आहेत, कोणत्याही बाजूने बोलली तरी किंमत तिलाच मोजावी लागणार. तिच्या गप्प बसण्याला संमती समजू नका. तुमच्या बायकोला सांगा. जावा-जावांचं बोलणं वेगळं असतं. तुम्ही मात्र तिच्याशी आधी एक वेगळी गोष्ट बोला. तिला सांगा की त्या दिवशी मी वरवंटा आणून दिला, मी तसं करायला नको होतं, मला माफ कर असंही म्हणत नाही, पण मला ते ठाऊक आहे. एवढं बोला आणि गप्प राहा. ‘जाऊ द्या भावोजी’ म्हणाली तर लगेच सुटल्यासारखा श्वास टाकू नका.

कदाचित ती म्हणेल, मला हळद नको. म्हणू दे. आठ महिनेच झालेत. मांडवात उभं राहून सगळ्यांच्या नजरा झेलायची ताकद तिच्यात आज नसेल, आणि तुमची झोप परत यावी म्हणून ती तिने आणावी असंही नाही. नणंदेचा हट्ट प्रेमाचा आहे, पण हट्टच आहे, हे धाकटीलाही समजवा. वहिनीला दुसरंच काही हवं असेल. साधी टिकली लावायची असेल. दोन बांगड्या घालायच्या असतील. शिवणाचा क्लास लावायचा असेल. महिनाभर माहेरी जाऊन यायचं असेल. जे म्हणेल ते करा. आणि तिने हळद लावलीच, तर तिचा फोटो काढून ‘आमच्या घरचं परिवर्तन’ म्हणून स्टेटसला लावू नका, कुणालाही लावू देऊ नका. ती नणंदेला हळद लावतेय, बाकी काही नाही.

आता जमीन.

तुम्ही हे जाता जाता, शेवटच्या वाक्यांत लिहिलंत. मंगळसूत्र त्याच दिवशी तोडलं, दुपार व्हायच्या आत. वारस नोंद मात्र आठ महिने झाले तरी झालेली नाही. घरातल्या घरातच आहे म्हणता, मग जोडवी उतरवायला इतकी घाई का होती? तुमची नियत वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण विधवेचं कुंकू पुसण्यात आणि तिचं नाव सातबाऱ्यावर न चढण्यात नातं आहे. जिला शुभकार्यात मागे उभं राहायची सवय लावली, ती तलाठी कार्यालयात पुढे येऊन ‘माझं नाव लावा’ म्हणत नाही. भावकीत जे सगळ्यात मोठ्याने अपशकुन म्हणतायत, त्यांच्यापैकी कुणाचा बांध दादाच्या जमिनीला लागून आहे का, तेही एकदा बघा.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर दादाच्या स्वतःच्या जमिनीचे पहिले वारस म्हणजे त्याची बायको, मुलगा, मुलगी आणि आई. चौघांचे सारखे वाटे. भाऊ म्हणून तुमचा त्यात वाटा नाही. वडिलोपार्जित जमिनीत दादाचा जो हिस्सा होता, त्यावरही तुमचा नाही, त्याच्या वारसांचाच हक्क. तिथे हिशोब जरा गुंतागुंतीचा असतो, तेवढ्यापुरता वकील गाठा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत हक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायला सांगितलंय. ती मुदत गेली तरी नोंद होते, म्हणून थांबू नका. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज घेऊन जा. ऑनलाइन ई-हक्क प्रणालीतूनही अर्ज करता येतो. फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढून वहिनीच्या हातात द्या, आईच्या नव्हे, तुमच्या कपाटात नव्हे. आणि कुणीही, अगदी मायेने, ‘हक्कसोड पत्रावर सही कर, आम्ही आहोतच की’ असं तिला म्हणालं तर आडवे या. ती पुढे कधी दुसरं लग्न करो न करो, नवऱ्याकडून वारसाने आलेलं तिचंच राहतं. अज्ञान मुलांचा वाटा तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकताच येत नाही.

हे लग्नानंतर नको. बस्ता बांधायच्या आधी करा. हळदीचं काहीही ठरो, हे मात्र कुणाला न विचारता करता येण्यासारखं आहे आणि ते तुमच्याच अंगावर आहे.

भावकीचं काय, हे राहिलं. काही जण खरंच येणार नाहीत. आपल्या मर्जीने न येणं हा त्यांचा प्रश्न, त्यांची पानं कमी मांडा. पण जमून ठराव करून तुमच्या घराशी व्यवहार तोडायचं ठरलं, कुणी कुणाला तुमच्याकडे जाण्यापासून रोखलं, तर तो गुन्हा आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ चा आहे, २०१७ पासून लागू आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही, होऊ शकतात. हे धमकी म्हणून वापरू नका. फक्त तुम्हाला ठाऊक असू द्या, म्हणजे बोलताना आवाज कापणार नाही.

आणि तुम्हाला वाटतं तितके तुम्ही एकटे नाही. तुमच्या शेजारच्याच पट्ट्यात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. तिथल्या ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी ठराव केला की अंत्यविधीच्या वेळी कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास खात्याने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे या प्रथेविरुद्ध काम करत आलेत. त्यांनी तर स्वतःच लिहून ठेवलं की माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीवर हे विधी लादू नयेत. तुमच्या ग्रामपंचायतीत तसा ठराव झालाय का ते ग्रामसेवकाला विचारा. अनेक ठिकाणी ठराव होऊन वहीत पडून आहेत. झाला नसेल तर पुढच्या ग्रामसभेत मांडा, पण मांडायला वहिनीला उभं करू नका. तुम्ही उभे राहा.

लिहून ठेवायचं तुम्हीही करू शकता. तुमची बायको आज सवाष्ण आहे, घाण्याला तीच पुढे असेल. वहिनीचं जे झालं ते तिने पाहिलंय आणि तेव्हापासून ती काय विचार करत असेल, हे तुम्हाला माहीत आहे का?

आता फक्त एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते, ती धाकटीची. समजा वहिनीने हळद लावली. उद्या सासरी काही बिघडलं, दूध नासलं, म्हैस दगावली, तर बोट त्या हळदीकडे जाईल आणि बोलणी धाकटीला बसतील. म्हणून नवऱ्या मुलाशी आधी बोला. तुम्ही आणि ती, दोघांनी. त्याच्या आईवडिलांच्या आधी त्याच्याशी. आमच्याकडे असं असं करायचं म्हणतोय, तुझं काय म्हणणं आहे? तो ‘चालेल की’ म्हणाला तर पुढे ते त्याने स्वतःच्या आईला सांगायचं, तुम्ही नव्हे. तो कचरला, तर धाकटीला ते आत्ताच कळेल, आणि मग काय करायचं हे तिचं ती ठरवेल. बोलणी मोडतील या भीतीने तिच्यापासून ते लपवू नका.

हळदीच्या दिवशी काकू पाटाशेजारी उभी असेल. ‘अगं, सवाष्ण कुणी नाही का?’ म्हणेल. तेव्हा भाषण नको. ‘काकू, हिची इच्छा आहे. दुसरी हळद तुम्ही लावा.’ एवढंच म्हणा आणि वाटी काकूंच्या पुढे धरा. त्या घेतील किंवा घेणार नाहीत. वाटी धरून ठेवा.

उद्या सोमवार. तलाठी कार्यालय उघडं असेल.

तुमची,
ताई